दोन आसनांच्या गाडीतला परण्या

या दोन गाड्यांची तुलना मुळात रस्त्यावर व्हायची होती. एका मासिकाला वाहनांच्या अंकासाठी मजकूर हवा होता. आजची एक स्पोर्ट्स कार आणि पन्नासच्या दशकातली एक जुनी गाडी एकाच रस्त्याने न्यायची आणि जे दिसेल ते लिहायचे, एवढेच काम. अशा दोन गाड्या एकाच लग्नाला निघाल्या आहेत असे कळले, तेव्हा प्रवास आपोआप ठरला. नवरदेव जुन्नर तालुक्यातल्या पिंपळवंडीचा, नवरी आंबेगाव तालुक्यातल्या शिनोलीची. आदल्या दिवशी मढपर्यंत जाऊन यायचे, संध्याकाळी हळद, दुसऱ्या दिवशी शिनोली. निकाल रस्त्यावर लागला नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

आळेफाटा ते मढ

जुनी गाडी संगीताताईंची. त्या नवरदेवाच्या थोरल्या बहीण. आळेफाट्यावर त्यांचे ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचे दुकान आहे. गाडी क्रीम रंगाची, गोल पाठीची, चार दारांची. गिअरची दांडी स्टिअरिंगखाली, पुढे एकच लांब बाक. वडिलांनी ती मुंबईहून आणली आणि तिच्यातून टोमॅटोचे क्रेट नारायणगावच्या बाजारात नेले. त्यांच्यामागे ती गोठ्याशेजारी पत्र्याखाली उभी राहिली आणि कोंबड्यांनी तिच्यात संसार थाटला. धाकटा भाऊ अक्षय याच गाडीतून परण्याला जाईल, असे मनाशी धरून संगीताताईंनी ती पुन्हा चालती केली. आई लवकर गेल्यामुळे अक्षयला त्यांनीच लहानाचा मोठा केला. ही माहिती त्यांनी दिली नाही, दगडूमामांनी दिली. दगडूमामा म्हणजे या बहीणभावांचे मामा. जुनी गाडी हँडल मारून चालू करायचे काम त्यांच्याकडे होते आणि ते दुसऱ्या कोणाला करू देत नव्हते.

परण्या म्हणजे लग्न लागण्याआधीची नवरदेवाची मिरवणूक. जानवशापासून, म्हणजे वऱ्हाड उतरते तिथून, गावच्या मारुतीपर्यंत, पुढे बँजो, त्यापुढे नाचणारे मित्र, आणि मागे नवरदेव. पूर्वी घोडा असे, आता बहुधा गाडी असते. पुण्यातल्या कार्यालयात ही मिरवणूक पार्किंगपासून फाटकापर्यंत उरली आहे. इथे ती गावभर फिरते आणि नवरदेव कशावर बसून आला, याची चर्चा पुढची कित्येक लग्ने चालते.

नवी गाडी प्रतीकची. तो अक्षयचा कॉलेजातला मित्र, आता पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत. गाडी पिवळी, दोन दारांची, जमिनीपासून वीतभर उंच. ती घेतल्यापासून तिचे स्टिअरिंग दुसऱ्या कोणाच्या हातात गेलेले नाही. हॉटेलच्या दारात गाडी लावून देणारा माणूस उभा असला, तर प्रतीक हॉटेल बदलतो. स्वभावाने मात्र मोकळा आणि हसतमुख.

अडचण अशी होती, की अक्षयचे मन पिवळ्या गाडीवर बसले होते. शिनोलीत तीच आणणार, असे त्याने नवरीला फोनवर सांगूनही टाकले होते. संगीताताईंना हे मढला निघायच्या सकाळीच कळले. त्या एवढेच म्हणाल्या, "मढाला जाऊन तर येऊ. मग बघू."

म्हणजे मासिकासाठी जी सहल होती, ती या घरासाठी परीक्षा होती.

ओतूरपर्यंत रस्ता सरळ आहे. दोन्ही बाजूंना कांद्याची काढणी चालू होती. पिवळी गाडी पुढे निघून जाई आणि प्रत्येक गावाच्या वेशीवर पुन्हा सापडे. कारण गतिरोधक. प्रत्येक गतिरोधकावर प्रतीक गाडी तिरपी घेई, मग खाली उतरून पोटाखाली वाकून बघे, मग पुन्हा बसे. तोवर मागून क्रीम गाडी येई आणि वेग कमी न करता उडी मारून पुढे जाई. मामा खिडकीतून हात करीत.

डिंगोऱ्याच्या पुढे डाव क्रीम गाडीवर उलटला. चढ लागला आणि रेडिएटरने वाफ सोडली. गाडी उसाच्या कडेला थांबली. शेतातून एक गृहस्थ धावत आले.

"पाणी देतो, पावणं. पर तुमी उसाकडनं जाऊ नका. बिबट्याची मादी हाय तिथं, पिलं घिऊन."

"आमच्या गाडीचा आवाज आयकून ती गेली आसंल जुन्नरला," मामा म्हणाले.

"न्हाई हो. तिला बी सवय झालीया. डीजे लागला तरी हालत न्हाई."

त्यांनी ठिबकच्या नळीतून बादली भरून दिली. रेडिएटर निवेपर्यंत पिवळी गाडी पुढे जाऊन, वळून, परत आली. प्रतीकने काचेतून विचारले, काही मदत हवी का. संगीताताई म्हणाल्या, "हवीय. हासू नको."

पिंपळगाव जोग्याच्या धरणाचे पाणी दिसू लागले की रस्त्याचा रंग बदलतो. शेते लहान होतात, भाताची कापलेली खाचरे एकावर एक चढत जातात आणि समोर माळशेजचे कडे उभे राहतात. मढला एका घरगुती खाणावळीत नाचणीची भाकरी, पिठले आणि हिरव्या मिरचीचा ठेचा मिळाला. ठेच्याबाबत पूर्वसूचना देण्यात आली होती. ती पुरेशी नव्हती.

जेवून बाहेर आलो तेव्हा दोन्ही गाड्यांभोवती गाव जमले होते. डोक्याला मुंडासे बांधलेले एक म्हातारे शेतकरी पिवळ्या गाडीसमोर उकिडवे बसून बैल पारखावा तशी ती पारखत होते. त्यांनी इंजिन बघायला मागितले. प्रतीकने आनंदाने पुढचे झाकण उघडले. आत एक रिकामा खळगा आणि त्यात एक पिशवी होती.

म्हाताऱ्यांनी पिशवीकडे पाहिले, मग प्रतीककडे.

"राव, इंजान चोरीला गेलं की तुमचं."

"बाबा, इंजिन मागे असतं हिचं."

"म्हागं? म्हंजी बैल गाडीच्या म्हागं जुपल्यात व्हय?"

त्यांनी क्रीम गाडीचे झाकण स्वतःच उघडले, इंजिन जागेवर आहे याची खात्री केली आणि समाधानाने मिटले.

निघण्याआधी संगीताताईंनी प्रतीकला विचारले, "एक चक्कर मारू का मी?"

"ताई, तुम्ही शेजारी बसा ना. मी फिरवतो."

त्या शेजारी बसल्या. गाडी धरणाच्या कडेने जाऊन आली. उतरताना त्यांना दोघांनी हात धरून वर ओढले. कशी वाटली, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, "लई भारी हाय. खोटं कशाला बोलू." आणि जाऊन आपल्या गाडीत बसल्या. हा त्यांचा प्रामाणिक अभिप्राय होता आणि त्यानंतर पिवळ्या गाडीच्या विरोधात बोलायला घरात कोणी उरले नाही.

पिंपळवंडी

हळद लागली. मांडवात मासवडीचा बेत होता. बेसनाच्या वड्यांत तीळ-खोबऱ्याचे सारण आणि वर झणझणीत रस्सा. नावात मास असले तरी पदार्थ शाकाहारी आहे, हे शहरातल्या पाहुण्यांना दर पंगतीला सांगावे लागते. अक्षय पिवळाधमक होऊन पाटावर बसला होता. प्रतीक त्याला उद्याचा क्रम समजावत होता. काच कधी खाली घ्यायची, दार कसे वर उघडेल, फोटो कुठून येईल.

मामी वाढता वाढता थांबल्या. म्हणाल्या, "समदं खरं. आन करवली कुठं बसायची?"

पंगतीतल्या माना प्रतीककडे वळल्या.

करवली म्हणजे नवरदेवाची बहीण. हातात दिवा घेऊन ती परण्यात त्याच्या शेजारी बसते. मारुतीसमोर नवरीकडच्या बायका दोघांना ओवाळतात, करवलीची ओटी भरतात, आणि मगच नवरदेवाचे पाय जमिनीला लागतात. पुण्यातही करवली असते, पण गाडीतली तिची जागा कोणी मोजत नाही. इथे मोजतात. माझ्या टिपणात "आसने: दोन" असे सकाळीच लिहिलेले होते. एका आसनावर प्रतीक, दुसऱ्यावर नवरदेव. हा हिशोब दिवसभरात कोणीही केला नव्हता, अगदी नवरदेवानेही.

सूचना येऊ लागल्या.

"म्हागच्या गाडीत बसंल की ती."

"म्हागच्या गाडीत वऱ्हाड बसतं. करवली न्हाई."

"आक्षयलाच चालवू द्या. म्हंजी जागा झाली."

हे मामींनी लगेच खोडून काढले. हळद लागलेल्या नवरदेवाने कामाला हात लावायचा नसतो. शिवाय एका हातात कट्यार, एका हातात नारळ, डोळ्यांवर मुंडावळ्या.

"डिकीत बसवा मंग," कोणीतरी म्हणाले.

"तिच्या डिकीत फकस्त पिशवी मावती. मढात दावलीय आमाला," मामा म्हणाले.

सगळे हसले. संगीताताई हसल्या नाहीत. त्यांनी प्रतीककडे पाहून सरळ विचारले, "मी चालवली तर? करवली बी मीच, डायवर बी मीच. दोन माणसं, दोन जागा."

प्रतीकने पाण्याचा पेला खाली ठेवला. "ताई, राग मानू नका. तिचं गिअरचं वेगळं असतं. मी बायकोलाही नाही दिली अजून."

"बरं. मंग आपल्या गाडीत चल, आक्षय. बाकावर तिघं बसत्यात."

अक्षय पाटावरून म्हणाला, "ताई, मी तिकडं सांगून बसलोय गं. एका दिवसाची तर गोष्ट हाय."

"करवली बी एकाच दिवसाची आसती," संगीताताई म्हणाल्या. मग पातेले उचलून पुढच्या पंगतीला रस्सा वाढायला गेल्या. जाताना सांगून गेल्या, की लग्नाला येईन, पण पाहुणी म्हणून. करवली दुसरी बघा.

दुसरी नव्हती. अक्षयला एकच बहीण.

शिनोली

नारायणगाव, मंचर, घोडेगाव असा रस्ता. घोडेगावनंतर डोंगर जवळ येतात आणि भीमाशंकरला निघालेल्या गाड्या वाढतात. क्रीम गाडीत संगीताताई, मामा आणि मी. संगीताताई रस्ताभर दुकानातल्या बेअरिंगविषयी बोलल्या. लग्नाविषयी एक शब्द नाही. करवलीचा दिवा मात्र त्यांनी घरून घेतला होता. तो मामांच्या मांडीवर होता, आणि मामा खड्डा आला की तो दोन्ही हातांनी धरत.

शिनोलीत जानवसा शाळेत होता. बँजो सुरू झाला आणि परण्या निघाला. पुढे नाचणारी मुले, त्यामागे पिवळी गाडी, तिच्यात फेटा छताला टेकलेला अक्षय आणि स्टिअरिंगवर प्रतीक. मग वऱ्हाडाचा जथा. अगदी शेवटी क्रीम गाडी.

शिनोलीने पिवळ्या गाडीला मनापासून दाद दिली. लोक गच्च्यांवर चढले, फोन वर झाले. तक्रार गाडीच्या बाजूने आली. वाऱ्याशी बरोबरी करायला बनवलेले यंत्र बँजोच्या चालीने चालवले जात होते. मुले दोन पावले पुढे आणि एक मागे नाचत. गाडीही तसेच करत होती. वेशीतला चौक येईपर्यंत प्रतीकसमोरच्या पडद्यावर गिअरबॉक्स तापल्याची सूचना उमटली. चौकात दुसरी उमटली, की वाहन थांबवा. मग गाडीने स्वतःच निर्णय घेतला.

निष्पक्षपणे नोंदवायचे तर क्रीम गाडीचा काटाही लाल खुणेच्या जवळ होता. फरक इतकाच, की ती मागे होती आणि संगीताताई तिला मधूनमधून सावलीत बंद करून ठेवत होत्या.

मारुतीसमोर नवरीकडच्या बायका ताटे घेऊन ताटकळत होत्या. मुहूर्त जवळ येत होता. देव जागचा हलत नाही, नवरदेवही हलेना, तेव्हा त्याच चौकात आल्या. सगळ्यांत पुढे नवरीची मावशी. तिने वाकून गाडीत पाहिले.

"आगं बया! करवलीला दाढी!"

बाकीच्या बायका पुढे सरकल्या.

"आसू द्या दाढी. ववाळा की तिला."

"अहो, मी मित्र आहे त्याचा," प्रतीक म्हणाला. "मी गाडी चालवतोय."

"गाडी तर हुबी हाय. आन आमच्यात नवरदेवाच्या शेजारी बसती ती करवली." मावशीने त्याच्या कपाळाला कुंकू लावलेसुद्धा. "पदर पसरा, करवलीबाई."

"पदर कुठंय मला?"

"मंग सदरा पसरा."

प्रतीकने कुर्त्याचा घेर पसरला. त्यात तांदूळ, खण आणि नारळ पडला. बँजोवाल्यांनी प्रसंग ओळखून चाल बदलली. अक्षय इतका हसत होता की फेटा सुटायला आला.

मावशी त्याच्याकडे वळली. "हासतूस काय? खरी बहीण न्हाई व्हय तुला?"

"हाय की."

"मंग कुठंय?"

अक्षयने मागे बोट दाखवले. सगळा चौक वळून क्रीम गाडीकडे बघू लागला.

"म्हागं?" मावशीचा आवाज उतरला. आता ती थट्टा करत नव्हती. "बहिणीला म्हागं ठिवून म्होरं आलास व्हय रं?"

अक्षयचे हसणे थांबले. त्याने कट्यारीकडे पाहिले, मग समोर.

आधी हलला तो प्रतीक. एका हाताने भरलेला कुर्ता सावरत तो गाडीतून बाहेर आला, वऱ्हाडातून वाट काढत क्रीम गाडीपाशी पोहोचला आणि खिडकीशी वाकला.

"ताई, चला."

"गाडी भरल्याली हाय की," संगीताताई समोर बघत म्हणाल्या.

"रिकामी झाली. मी उतरलो." त्याने दुसऱ्या हाताने खिशातून किल्ली काढून पुढे केली. "घ्या ना, ताई. तांदूळ सांडतायत माझे."

यावर त्या हसल्या. पहिल्यांदाच.

"आन हिला कोण आणील?"

"मी."

"तुला ही यील व्हय?" मामांनी विचारले. "हिला बटन नसतं, पावणं."

"तुम्ही हँडल मारा, मामा. मी बाकीचं बघतो."

संगीताताईंनी मामांच्या मांडीवरून दिवा घेतला, पदर खोचला आणि पुढे गेल्या. त्या पिवळ्या गाडीच्या स्टिअरिंगवर बसल्या. चालवायचे म्हणजे दिवा धरता येईना, म्हणून तो त्यांनी नवरदेवाच्या हातात दिला. कट्यार मावशीने धरली. एव्हाना गिअरबॉक्स निवला होता. संगीताताईंनी आधी नाचणाऱ्या मुलांना बाजूला व्हायला सांगितले, मग बँजोला पुढे पळायला सांगितले, आणि गाडी एका दमात मारुतीपर्यंत नेली. गतिरोधकावर तिरपी घेतली. उतरून वाकून बघितले नाही.

मागून क्रीम गाडी आली. ती प्रत्येक गिअरला आचके देत होती. आत प्रतीकच्या मांडीवर ओटी, आणि शेजारी मामा त्याला दांडी कुठे ढकलायची ते ओरडून सांगत होते. ते शिनोलीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू गेले असावे.

मारुतीसमोर ताटे पुन्हा सज्ज झाली. मावशी दाराशी गेली. दार उघडेना. आतून सगळी दारे कुलूपबंद होती. संगीताताई स्टिअरिंगवर हात ठेवून स्वस्थ बसल्या होत्या. मग त्या अक्षयकडे वळून काही बोलल्या. त्याने मान खाली घातली. त्या पुन्हा बोलल्या. मग तो बोलू लागला, आणि बराच वेळ बोलत राहिला.

"करवली रुसली," बायकांत कुजबुज झाली. करवलीने रुसायचे असते आणि नवरदेवाने समजूत काढायची असते. त्यामुळे कोणी घाई केली नाही. भटजींनीही घड्याळाकडे पाहून ते बाहीखाली घेतले.

"काय म्हंतोय त्यो?" मामांनी काचेला कान लावून विचारले.

"व्हट हालत्यात. आयकू काय येत न्हाई," मावशी म्हणाली.

क्रीम गाडीच्या दाराची काच पूर्ण वर जात नाही, बोटभर खालीच अडते. तिच्यात हे बोलणे झाले असते, तर अख्ख्या गावाने ऐकले असते. या एका बाबतीत नवी गाडी निर्विवाद सरस आहे. तिच्या काचेतून समोर उभ्या असलेल्या गावालाही काही कळले नाही.

खट्ट आवाज झाला आणि दारे वर गेली. आधी संगीताताई उतरल्या. त्यांनी डोळ्यांच्या कडा पदराने टिपल्या आणि मावशीसमोर ओटीसाठी तोच पदर पसरला. मग वळसा घालून पलीकडे गेल्या, भावाच्या हातातला दिवा घेतला आणि दुसरा हात पुढे केला. एवढ्या खालच्या आसनातून नवरदेव एकट्याने उठू शकत नव्हता. त्यांनी त्याला वर ओढले. उभा राहिल्यावर तो मारुतीकडे वळला नाही. आधी तिथेच, रस्त्यावर, बहिणीच्या पायांवर वाकला. फेटा पडला तो प्रतीकने झेलला.

अक्षता पडल्यानंतर मी संगीताताईंना गाठले आणि आत काय बोलणे झाले ते विचारले.

"लिहिताय ना? गिअर लिहा, काचा लिहा, गाडी तापली ते बी लिहा," त्या म्हणाल्या. "ते लिहायचं न्हाई."